या फोटोत आहे तरी काय? कृष्णधवल निसर्गचित्रांतल्या रिकाम्या जागेविषयी

इंग्लंडच्या उत्तरेला रोमनांनी बांधलेली हेड्रियनची भिंत आहे. तिच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर, दोन टेकाडांच्या मधल्या खोलगटीत, सिकमोरचं एक झाड उभं होतं. २८ सप्टेंबर २०२३ च्या सकाळी ते करवतीने कापून पाडलेलं आढळलं आणि बातमी जगभर गेली. मे २०२५ मध्ये दोन जण दोषी ठरले आणि जुलैमध्ये त्यांना प्रत्येकी सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली.

झाडं रोजच तोडली जातात. मग याच झाडासाठी एवढी हळहळ का? सिकमोर तिकडे काही दुर्मीळ नाही. १९९१ च्या एका हॉलिवूडपटात हे झाड दिसलं होतं, हे त्याच्या प्रसिद्धीचं एक कारण. दुसरं कारण त्या जागेत होतं. डावीकडून उतरत येणारी एक रेघ, उजवीकडून उतरत येणारी दुसरी, दोन्ही मिळतात तिथे झाड आणि वर सगळं आकाश. बाकी नजर अडवणारं काहीच नाही. कॅमेरा फारसा न कळणाऱ्या माणसालाही तिथे चांगलं चित्र मिळायचं, कारण एरवी छायाचित्रकाराला जे वगळावं लागतं ते जागेनेच आधी वगळलेलं होतं.

अशा चित्रांना मिनिमलिस्ट म्हणतात. ती कृष्णधवल असली की कोडं आणखी वाढतं. पांढऱ्याशुभ्र चौकोनात चार काळे खांब, किंवा राखाडी पाण्यात एक खडक. प्रदर्शनात अशा चित्रासमोर कुणी दहा मिनिटं उभं राहतं, आणि शेजारचा हळूच विचारतो, ‘यात आहे काय?’

प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर थोडक्यात असं, की अशा चित्रात सर्वांत जास्त मेहनत त्या रिकाम्या दिसणाऱ्या भागावरच झालेली असते. ती कशी, ते पाहू.

मिनिमलिझम आला कुठून?

कलेच्या जगात हा शब्द रुळला तो १९६० च्या दशकात. न्यूयॉर्कमधले काही कलाकार साधे ठोकळे, सरळ रेघा आणि एकाच रंगाचे पृष्ठभाग मांडू लागले होते. ब्रिटिश तत्त्वज्ञ रिचर्ड वॉलहाइम यांनी १९६५ मध्ये ‘मिनिमल आर्ट’ या नावाने निबंध लिहिला आणि पुढे नाव चिकटलं. छायाचित्रणात मात्र त्याचा अर्थ बराच सैल आहे. चौकटीत मोजक्याच गोष्टी, भोवती भरपूर मोकळी जागा आणि त्या गोष्टींचं एकमेकींशी असलेलं नातं हाच चित्राचा विषय, एवढं धरलं तरी पुरे.

शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधल्या हासेगावा तोहाकू याने घडीच्या पडद्यांच्या जोडीवर धुक्यातले पाइन वृक्ष काढले. शाईच्या काही जोरकस फटकाऱ्यांनी झाडं उभी राहतात आणि पडद्यांचा बराच मोठा भाग कोराच आहे. त्या कोऱ्या कागदाकडे पाहून कुणी ‘इथे चित्रकार विसरला’ म्हणत नाही. तिथे धुकं आहे, हे लगेच कळतं. फोटोतल्या रिकाम्या जागेकडूनही तीच अपेक्षा असते. फरक एवढाच, की चित्रकार कागद कोरा सोडू शकतो. कॅमेरा समोर असेल ते सगळं टिपतो, तारा, खांब, पाट्या, झुडपं, सगळं. त्याच्याकडून कोरी जागा मिळवणं हेच कौशल्य.

रंग गेले की नेमकं काय जातं?

रंगीत फोटोतला रंग पुसला की कृष्णधवल तयार, असा समज आहे. फोनमध्ये एका बोटाने ते होतं, त्यामुळे समज आणखी पक्का झाला आहे.

हिरव्यागार पानांत लाल फुलं आहेत असं धरा. रंगीत फोटोत ती डोळ्यांत भरतात. रंग काढून पाहिलं तर बहुतेक वेळा फूल आणि पान जवळपास सारख्याच राखाडीत मिसळून जातात, फूल शोधावं लागतं. लाल आणि हिरवा हे रंग डोळ्याला कितीही वेगळे वाटले, तरी त्यांची उजळता सारखी असू शकते. कृष्णधवलात उरते ती एवढी उजळताच. तिच्या प्रत्येक पायरीला टोन म्हणतात.

उजळता मोजण्यातही सगळे रंग सारखे धरले जात नाहीत. आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो आणि निळा सर्वांत मंद. म्हणून स्क्रीनसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मानकात उजळतेच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७ आहे. पण हा हिशेब पाळायलाच हवा असं कुणी सांगितलेलं नाही. कोणत्या रंगाने किती उजळ व्हायचं हे छायाचित्रकार ठरवू शकतो आणि खरं कृष्णधवल तिथून सुरू होतं.

फिल्मच्या काळात हे काम भिंगापुढच्या रंगीत काचेने, म्हणजे फिल्टरने होई. फिल्टर आपल्या रंगाच्या गोष्टी उजळ करतो आणि विरुद्ध रंगाच्या गडद. लाल फिल्टर लावला की निळं आकाश काळपट होतं आणि ढग उठून दिसतात. आज तेच काम सॉफ्टवेअरमधल्या सरकपट्ट्या करतात.

१० एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीच्या डोंगरात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर उभे होते. त्यांनी पिवळा फिल्टर लावून एक काच टिपली (त्यांच्या निगेटिव्ह काचेवर असत). मग त्यांच्या लक्षात आलं, की आकाश साधं राखाडी येईल आणि कड्याचा दरारा काही उतरणार नाही. जवळ एकच काच उरली होती. त्यांनी गडद लाल फिल्टर चढवला आणि ती वापरली. त्या चित्रात कड्याच्या मागचं आकाश जवळजवळ काळं आहे. तिथे ढग नाही, पक्षी नाही, काहीही नाही. पण तो काळा पट्टा काढून टाकला तर कडा निम्मा होईल. त्या दिवशी त्यांनी कड्याबद्दल नवा निर्णय घेतलाच नव्हता. निर्णय होता तो आकाशाबद्दल.

उलटी गंमतही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक निसर्गचित्रांत आकाश कोरं, पांढरं दिसतं. त्यात सौंदर्यदृष्टी शोधायला जाऊ नका, ती रसायनांची मर्यादा होती. तेव्हाच्या काचा मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत, त्यामुळे जमीन नीट यावी म्हणून दिलेल्या वेळात आकाश पार पांढरं होऊन जाई. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळलं, की विशिष्ट रंगद्रव्यं मिसळली तर काच इतर रंगांनाही संवेदनशील होते. सगळे रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

रिकामी जागा तयार कशी होते?

निसर्गात रिकामी जागा जवळजवळ नसतेच. ती मिळवायचे तीन मुख्य मार्ग आहेत: बर्फ, धुकं आणि वेळ. (रात्र आणि वाळवंट हेही आहेत. १९३६ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी कॅलिफोर्नियातल्या ओशियानोच्या वाळूच्या टेकड्या टिपल्या, त्या याच कुळातल्या.)

बर्फ सोपा वाटतो, पण कॅमेऱ्याला तो कळत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असं धरून चालतो, की समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे, म्हणजे पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त परत पाठवतो. कॅमेरा त्यालाही राखाडी ठरवतो आणि फोटो मळकट येतो. म्हणून बर्फात कॅमेऱ्याच्या मोजमापापेक्षा एक ते दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो. स्टॉप म्हणजे प्रकाशाचं माप, एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट. पण हात जरा सैल सुटला तर उलटं होतं. बर्फाचा पोत, वाऱ्याने उठवलेल्या बारीक रेषा, सगळं पुसलं जातं आणि उरतो तो मेलेला पांढरा. ‘पांढरं, पण जिवंत’ ही पट्टी फार अरुंद असते. ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची झोन पद्धत मांडली, ती नेमक्या अशाच निर्णयांसाठी. बर्फाला कोणत्या पायरीवर बसवायचं हे शटर दाबण्याआधीच ठरवायचं.

आभाळ भरून आलेलं असेल आणि खाली बर्फ असेल, तर दोन्हींचा टोन एक होतो आणि क्षितिजच नाहीसं होतं. अशा वेळी दूरचं कुंपण हवेत तरंगल्यासारखं दिसतं. त्यात कसलीही करामत नसते, फक्त तो दिवस गाठावा लागतो.

धुक्याची गोष्ट निराळी. हवामानशास्त्रात दृश्यता एक किलोमीटरपेक्षा कमी झाली की धुकं म्हणतात. हवेतले पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात आणि हा विखुरलेला उजेड आपल्या व वस्तूच्या मध्ये येऊन बसतो. वस्तू जितकी लांब, तितका मधला उजेड जास्त आणि तितकी ती फिकट. त्यामुळे धुकं दूरचं सगळं पुसतं आणि जवळचं तेवढं काळं ठेवतं. निवड तेच करून देतं. स्वच्छ आकाशाच्या, वारा पडलेल्या रात्री जमीन थंड होते आणि पहाटे हे धुकं साचतं. ऊन चढलं की विरतं. म्हणून हे छायाचित्रकार पहाटे उठतात. त्यात कवित्व कमी आणि हवामानाचा अंदाज जास्त असतो.

तिसरा मार्ग वेळेचा, आणि मला सर्वांत रंजक वाटतो तो हाच. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, खूप वेळ उघडं ठेवायचं, याला लाँग एक्स्पोजर म्हणतात. दिवसा असं केलं तर फोटो पांढरा फक्क पडेल, म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर लावतात. ही जवळजवळ काळी काच सगळे रंग सारख्या प्रमाणात अडवते. दहा स्टॉपची काच प्रकाश सुमारे एक हजारावा हिस्सा करते. म्हणजे जिथे सेकंदाचा तिसावा भाग पुरला असता तिथे आता ३४ सेकंद लागतात. त्या ३४ सेकंदांत एकाच ठिकाणाहून किती तरी लाटा येऊन जातात. त्यांचे माथे आणि त्यांचे खोलगे एकमेकांत मिसळून सरासरी होते आणि पाणी धुक्यासारखं गुळगुळीत दिसतं. जे हललं नाही तेच ठाशीव उरतं.

हा परिणाम छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. चित्र उमटायला काही मिनिटं लागली. तेवढ्या वेळात गाड्या, घोडे, माणसं येत-जात राहिली आणि कुणीच उमटलं नाही. रस्ता ओस दिसतो. कोपऱ्यात एक माणूस तेवढा आहे, कारण तो बूट पॉलिश करून घेत थांबला होता.

प्रत्यक्षात हे काम चिकट असतं. समुद्राच्या कडेला ओल्या वाळूत तिवई (ट्रायपॉड) रोवली, की प्रत्येक परतणारी लाट तिच्या पायांखालची थोडी वाळू ओढून नेते. तिवई केसभर खचते. डोळ्याला काही कळत नाही. घरी येऊन मोठं करून पाहिलं, की खांबाला दोन कडा असतात, एक आधीची आणि एक खचल्यानंतरची. म्हणून तिवई आधी दाबून खोल बसवायची, दोन-तीन लाटा जाऊ द्यायच्या आणि मगच शटर उघडायचं. झाड टिपायचं असेल तर वाराही नको, नाहीतर पानं धुरकट होतात.

उरलेल्या गोष्टी कुठे ठेवायच्या?

पाण्यातले तीन जुने खांब घ्या. तिघांत सारखं अंतर असेल तर ते कुंपण वाटतं. त्यातला एक जरा दूर आणि कललेला असेल, तर तोच चित्राचा नायक होतो आणि बाकीचे दोघे त्याच्याकडे पाहत असल्यासारखे वाटतात. आपला मेंदू अशा वेळी गोष्टी रचू लागतो, त्याला पर्याय नसतो. पाहायला दुसरं काही नसल्यामुळे त्याचं सगळं लक्ष त्या एका कलण्यावर जातं.

आता खांबाचं टोक आणि क्षितिजाची रेघ पाहा. टोक रेघेला नेमकं टेकत असेल तर चित्र तिथे अडकतं. खांब पाण्यात आहे की रेघेला टांगला आहे, कळेनासं होतं. उपाय अगदी छोटा असतो. तिवई चार बोटं वर घेतली की टोक रेघेखाली येतं, खाली घेतली की रेघ ओलांडतं. दोन्ही चालतं, टेकणं चालत नाही. गर्दीच्या दृश्यात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

क्षितिज कधी मधोमध ठेवू नये, असं नवशिक्यांना सांगतात. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून जगभरच्या समुद्रांची जी मालिका केली, तिच्यात क्षितिज अगदी मध्यावर आहे. वर हवा, खाली पाणी. जहाज नाही, किनारा नाही, पक्षी नाही. सगळी चित्रं पहिल्या नजरेला सारखीच. दोन शेजारी ठेवली की फरक उलगडतात. एकात लाटांचा बारीक विणकाम केल्यासारखा पोत आहे, दुसऱ्यात पाणी आणि हवा यांच्यात सीमाच नाही. आदिमानवाने समुद्राकडे पाहिलं असेल तेव्हा त्यालाही हेच दिसलं असेल, ही त्यामागची कल्पना. ती कळल्यावर जहाज का नाही, याचं उत्तर वेगळं द्यावं लागत नाही.

ब्रिटनमध्ये जन्मलेले मायकेल केना हे या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव. चौकोनी निगेटिव्ह, फिल्म, रात्री तासन् तास उघडं ठेवलेलं शटर आणि जपानच्या होक्काइदो बेटावरचा बर्फ. त्यांचे प्रिंट लहान असतात, साधारण वीतभर. एवढ्या मोकळ्या दृश्याला एवढा छोटा कागद का, असं वाटतं. पण त्यामुळे जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की चौकटीबाहेरचं जग आपोआप सुटतं. मला तरी हे भिंतभर प्रिंटपेक्षा जास्त पटतं.

‘असला फोटो कुणीही काढेल’

बटण कुणीही दाबेल, हे खरं. पण खोली रिकामी केली की भिंतीवरचा खिळासुद्धा दिसायला लागतो, तसं या चित्रांचं आहे. जंगलाच्या फोटोत सेन्सरवरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावरचा, धुळीचा कण पानांत लपून जातो. कोऱ्या आकाशात, विशेषतः भिंगातलं प्रकाशाचं छिद्र एफ/१६ सारखं लहान ठेवलं असताना, तोच कण राखाडी ठिपका होऊन बसतो. एकेक ठिपका शोधून काढावा लागतो. क्षितिज अर्ध्या अंशाने कललेलं असेल तर डोंगराळ दृश्यात चालून जातं, इथे समुद्र सांडतो आहे असं वाटतं.

आणखी एक अडचण संगणकाची. साध्या जेपेग फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. धुक्याचं आकाश त्यातल्या मोजक्याच पायऱ्या वापरतं, पण त्या चौकटभर पसरवतं. परिणामी सलग उतार येण्याऐवजी आकाशात पट्टे दिसू लागतात. म्हणून हे लोक जास्त पायऱ्या असलेली रॉ फाइल वापरतात आणि शेवटी थोडा कण, ग्रेन, मुद्दाम मिसळतात. पट्टे त्यात मोडले जातात. एवढं सगळं करायचं ते पाहणाऱ्याला ‘इथे काहीच नाही’ असं वाटावं म्हणून.

‘पाणी असं दिसतच नाही, मग ही फसवणूक नाही का?’

पाणी डोळ्याला असं दिसत नाही, मान्य. पण सेकंदाच्या चार हजाराव्या भागात हवेत गोठलेला थेंबही डोळ्याला कधी दिसत नाही आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही. जग राखाडीही दिसत नाही. कॅमेरा पहिल्यापासून आपल्या डोळ्यापेक्षा वेगळं पाहत आला आहे.

जोडकामही जुनंच. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राची चित्रं करत होते. आकाश आणि पाणी एकाच काचेवर नीट येत नसल्याने काही चित्रांत त्यांनी दोन वेगळ्या निगेटिव्ह क्षितिजाशी जोडून छापल्या. अलीकडचं उदाहरण रंगीत आहे, तरी इथे लागू पडतं. जर्मन छायाचित्रकार आन्द्रेआस गुर्स्की यांच्या १९९९ च्या ऱ्हाइन नदीच्या फोटोत हिरवे आणि राखाडी आडवे पट्टे एवढंच आहे. पलीकडच्या काठावरची इमारत आणि माणसं त्यांनी संगणकावर काढून टाकली होती. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो त्रेचाळीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला, तेव्हाच्या फोटोंमधला तो विक्रम होता. (किमतीवरून कलेची प्रत ठरते असं मी म्हणत नाही. उलट अशा आकड्यांनीच ‘यात आहे काय’ हा प्रश्न जास्त चिडून विचारला जाऊ लागला.)

मग रेघ कुठे ओढायची? फोटो काय असल्याचा दावा करतो, त्यावर. वाळूत पडलेली बाटली पुसली तर माझी झोप उडत नाही. पण विजेच्या तारा आणि कारखान्याची चिमणी पुसून ‘मानवी स्पर्श न झालेला किनारा’ म्हणून तो फोटो खपवला, तर ते सरळ खोटं आहे. स्पर्धांमध्ये याचे नियम असतात आणि ते असायलाच हवेत.

आता फोनच पुसून देतो आणि एक वाक्य टाइप केलं की यंत्र धुक्यातलं झाड बनवूनही देतं. तपशील कमी असल्यामुळे नक्कल करायला ही शैली सर्वांत सोपी, हे कबूल करावं लागेल. हात किंवा चेहरा बनवताना यंत्र चुकतं तसं इथे चुकायला जागाच नाही. त्यामुळे नुसत्या सुंदर रिकामेपणाचा भाव पडणार. अमुक झाड, अमुक तळं, अमुक पहाट यांच्याशी जोडलेल्या चित्रांना मात्र त्याने फारसा धक्का लागणार नाही, असं मला वाटतं. एकाच झाडाकडे वर्षानुवर्षं परत जाणाऱ्या माणसाचं काम एका वाक्यात मागता येत नाही.

‘सगळे फोटो एकसारखेच दिसतात’

हा आक्षेप खरा आहे, आणि तो खोडायच्या भानगडीत मी पडणार नाही. चौकोनी चौकट, पाण्यात घुसलेला धक्का, गुळगुळीत समुद्र, कोपऱ्यात एक ढग: याची इतकी आवर्तनं झाली आहेत, की नवं पाहताना जुनंच आठवतं. केना यांच्या अनुकरणाने एक आख्खी पिढी वाढली. दहा स्टॉपची काच स्वस्तात मिळू लागली आणि कुठलंही पाणी दूध होऊ लागलं. खवळलेल्या समुद्रालाही शांत करून टाकण्यात काय हशील, असा प्रश्न मला अनेकदा पडतो. गोंगाट हाच ज्या जागेचा स्वभाव आहे तिथे ही शैली जागेवर अन्याय करते.

‘उदास वाटतं’ ही तक्रार मात्र तितकीशी खरी नाही. गडद चित्रं उदास वाटू शकतात. पण उजळ टोनची, जवळपास पांढरी चित्रं पाहून बघा, त्यांत बऱ्याचदा मिश्कीलपणा असतो.

आणि त्या एकट्या झाडांचं काय होतं?

होक्काइदोवरच्या बिएई गावाच्या शेतात एक कललेलं पॉपलर होतं. लोक त्याला तत्त्वज्ञाचं झाड म्हणत. फोटोसाठी माणसं पिकात शिरू लागली. पाट्या लावल्या, विनंत्या झाल्या, उपयोग झाला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये झाड पाडण्यात आलं. ते म्हातारं झालं होतं हेही खरं, पण पाहुण्यांचा त्रास हे मोठं कारण होतं. त्याच गावात जानेवारी २०२५ मध्ये रस्त्याकडेच्या बर्चच्या झाडांची एक रांगही कापली गेली. न्यूझीलंडच्या वानाका तळ्यात पाण्यात उभं असलेलं एकटं विलो आहे. मार्च २०२० मध्ये कुणीतरी त्याच्या खालच्या फांद्या करवतीने कापल्या.

फोटोत रिकामी दिसणारी जागा प्रत्यक्षात कुणाची तरी असते, शेतकऱ्याची, गावाची किंवा पक्ष्यांची. फोटोत जितकी कमी माणसं, तितकी ती पाहून तिकडे जास्त माणसं जातात. काही छायाचित्रकार हल्ली नेमकं ठिकाण सांगत नाहीत. काहींना तो आपमतलबीपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, निदान जिथे वाट कुणाच्या तरी पिकातून जाते तिथे.

फोनवर करून पाहायचं असेल तर

फोटो काढून मग रंग उडवण्यापेक्षा कॅमेरा आधीच कृष्णधवल करून ठेवा. स्क्रीनवर टोनच दिसू लागले की लाल फूल पानांत हरवतंय का, हे तिथेच कळतं. धुक्यात किंवा बर्फात स्क्रीनवर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा, नाहीतर सगळं मळकट येईल. झूम करण्याआधी दोन पावलं बाजूला सरकून पाहा. नको असलेली तार किंवा पाटी बऱ्याचदा तेवढ्यानेच झाडामागे जाते. चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, कारण कोपऱ्यातून डोकावणारी एक काडीसुद्धा या चित्रांत मोठी होते.

पाहण्यासाठीही एक सूचना आहे. ही चित्रं उन्हात फोनवर पाहू नका. फिकट राखाडी टोन चकाकीत नाहीसे होतात आणि फोटो खरोखरच रिकामा दिसतो. प्रिंट काढणार असाल तर मॅट कागद घ्या. चकचकीत कागदावर मोठ्या काळ्या भागात खोलीतला दिवा, खिडकी आणि तुम्ही स्वतः, सगळंच उमटतं.